बुजवलेली धाव

माझा विश्वासघात झाला, असं मी कितीतरी वर्षं सांगत फिरलो. ज्याला त्याला धरून सांगायचो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही माझ्या तावडीतून सुटत नसे. मालकाने फसवलं, वर्तमानपत्रांनी फसवलं, समुद्रापलीकडच्या त्या तेलवाल्या देशांनी तर तोंडाला चक्क पाने पुसली, अशी माझी यादी ठरलेली. सांगताना आवाज चढायचा. बायको आतून म्हणायची, "झालं, निघालं का अरबस्तान!" ऐकणारा हळहळायचा आणि मला बरं वाटायचं. त्या यादीत एक माणूस मात्र मी कधी घेत नसे. तो राहिला आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

वडील लवकर गेले म्हणून मी मामाकडे वाढलो. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून चार-पाच मैल आत, गिरणेच्या अंगाला मामाचं गाव. चांगली काळी जमीन, कडेला थोडा कापूस आणि मधे केळीची बाग. मामा केळी पिकवायचा पण खायचा नाही. दिवसभर डोळ्यांनी खातो, तेवढ्याने पोट भरतं, असं म्हणायचा. बोलणं एकूणच कमी. एखादी गोष्ट पटली की मान हलवायचा, नाही पटली तर गोठ्याकडे चालू लागायचा.

विहिरीवर तेव्हा मोट होती. आजच्या मुलांनी मोट चित्रातच पाहिली असणार, म्हणून सांगतो. कातड्याची भली मोठी पिशवी विहिरीत सोडायची, तिचा नाडा बैलांच्या जुवाला बांधायचा. बैल विहिरीकडे पाठ करून उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते आणि दगडी थारोळ्यात ओतली जाते. तिथून पाणी पाटाने बागेत. ज्या उतारावरून बैल खाली जातात आणि पुन्हा मागे मागे वर येतात, ती धाव. धाव जमिनीत खोल खणलेली असते. ती नसेल तर बैल कितीही तगडे असोत, मोट वर येत नाही.

दिवसभर एकाच जोडीने मोट ओढली तर बैल तोंडाला फेस आणतात. म्हणून मामाची सावड होती शेजारच्या शेतातल्या नानाशी. नाना आमच्या नात्यातला नव्हता. मामाच्याच वयाचा, हडकुळा, मिशीतल्या मिशीत हसणारा. दोघांकडे एक एक जोडी. दोन दिवस दोन्ही जोड्या मामाच्या विहिरीवर, पुढचे दोन दिवस नानाच्या. दोघांच्या बापांपासून हे चाललं होतं. पोळ्याला आमची जोडी आधी नानाच्या दारात जाऊन पुरणपोळी खायची आणि नानाची जोडी आमच्या दारात. आपल्या घरचा घास नंतर. गावात एवढ्या सावडी होत्या, पण बैलांची अशी अदलाबदल फक्त ह्या दोन घरांत होती आणि त्याचा मामाला अभिमान होता.

मी मॅट्रिक झालो आणि जळगावला इंजिनांच्या दुकानात लागलो. तेव्हा इंजिनांचे दिवस आले होते. विजेचे खांब आमच्या शिवारात येऊन उभे होते, पण तारांचा पत्ता नव्हता. इंजिनाला मात्र तारा लागत नाहीत. हँडल मारलं, दोन वेळा खोकलं की सुरू. दहा बैलांचं पाणी एकटं काढतं. त्यात जे तेल पडायचं त्याला आम्ही सगळे क्रूड म्हणायचो. ते खरं म्हणजे डिझेलच्याच जातीचं, पण क्रूड म्हटल्याशिवाय शेतकऱ्याला कळायचं नाही.

मालक बोलण्यात मोठा वाकबगार. नव्या माणसाला तो गिऱ्हाइकासमोर म्हणायचं एक वाक्य घोकून घ्यायचा. "क्रूडची काळजी करू नका. दुनियेत तेल संपलं तरी आपल्या गिऱ्हाइकाला आधी मिळणार." मी ते इतकं घोकलं की झोपेतही म्हणत असेन. सहा महिने झाले तरी माझ्या हातून एकही इंजिन विकलं गेलं नव्हतं. मालक म्हणाला, "स्वतःच्या गावात एक विकून दाखव, मग तुला कायम करतो. तुझ्या माणसांचा तुझ्यावर विश्वास नाही, तर दुसऱ्याने का ठेवावा?"

मी मामाकडे गेलो. सगळं समजावून सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आनि नाना काय करी? सावडनं काय?"

मामाने इंजिन घेतलं तर त्याला नानाच्या बैलांची गरज उरणार नव्हती. पण नानाला मामाच्या बैलांची गरज होती. मामा आपल्या तोंडाने सावड मोडणार नव्हता. तीन वेळा मी विषय काढला आणि तिन्ही वेळा तो उठून गोठ्याकडे गेला.

चौथ्या खेपेला मी मामाला सांगितलं की मी नानाशी बोललो. नानाच म्हणतो, आता सावड नको, तुमच्या थोरल्या बागेपायी माझे बैल झिजतात. मामाने गोठ्याकडे पाहिलं. मग त्याने मान हलवली. त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत मी नानाच्या शेतात गेलो आणि त्याला सांगितलं, मामा इंजिन घेतोय, सावड आता नको असं त्याने सांगायला लावलंय. नाना पाटातलं गवत काढत होता. तो म्हणाला, "त्यानी तुले धाडं का?" मी हो म्हणालो. "बरं," असं म्हणून तो पुन्हा गवत काढायला लागला.

हे मी किती सहज केलं ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. तेव्हा वाटलं, दोघांनाही काही दिवस राग येईल, मग निवळेल. इंजिनाचं पाणी बघून नानाही इंजिन घेईल, आणि माझं दुसरं इंजिन विकलं जाईल. एवढा सरळ हिशेब होता. दोन मानी माणसं एकमेकांना कधीच विचारायला जाणार नाहीत, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. त्या बळावरच तर मी खोटं बोललो.

इंजिन आलं ते सदुसष्टच्या उन्हाळ्यात. मामीने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मामाने माझा हात धरून इंजिनावर ठेवला आणि विचारलं, "तेलच नही भेटनं त?" मी घोकलेलं वाक्य म्हणून दाखवलं. त्यावर माझं स्वतःचंही एक जोडलं. म्हटलं, मामा, मी दुकानात बसलोय ना.

त्यानंतर महिन्याभरातच तिकडे अरबस्तानाकडे युद्ध झालं आणि जहाजांचा तो कालवा बंद पडला. रेडिओवर रोज त्याच बातम्या. मी जरा धास्तावलो. पण आमच्या पिंपातलं क्रूड काही कमी झालं नाही. दुनिया उलथली तरी आपलं इंजिन चालतं, असा माझा समज तिथून झाला. तो मी पुढच्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायला लागलो.

धाव बुजवायची कल्पना माझी. इंजिन आल्यावर ती उगाच जागा अडवून होती, पावसाळ्यात पाणी साचायचं. मी म्हटलं, तेवढ्यात केळीची चांगली शे-दीडशे खोडं बसतील. मामाने जोडी विकली, धावेत माती भरली, कंद लावले. थारोळ्याचे दगड काढून इंजिनाखालचा ओटा बांधला. मोटेच्या कातड्याच्या चांभाराकडून घरातल्या सगळ्यांना चपला करून घेतल्या. माझ्या जोडाला मी जळगावला पॉलिश मारून घेतलं होतं. मामाचा जोड खुंटीला टांगलेलाच राहिला.

त्या वर्षीच्या पोळ्याला मी गावी होतो. नानाची जोडी मिरवणुकीतून आली आणि सवयीने आमच्या दारात थांबली. नानाने कासरा ओढला, तरी बैल हलेनात. मामी पुरणपोळीचं ताट घेऊन दाराआड उभी होती, मामा ओसरीवर खाली मान घालून बसला होता. शेवटी नानाने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि जोडी पुढे नेली. मामी ताट घेऊन आत गेली. मी एक शब्द बोललो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी बोललो नाही, कारण मी नुकताच कायम झालो होतो.

एका जोडीवर नानाची मोट रडतखडत चालायची. त्याची बाग दोन वर्षांत निम्मी झाली, उरलेल्या रानात तो ज्वारी पेरू लागला. इंजिन काही त्याने घेतलं नाही. मी तेवढ्यावरून त्याची टिंगलही केली. जुन्या डोक्याचा, दुसरं काय.

सत्तर साली मालकाने धुळ्याला, मुंबई-आग्रा रस्त्यावर दुसरं दुकान काढलं आणि शेजारीच डिझेलचा पंप घेतला. दुकान माझ्या ताब्यात आलं. आता मी गिऱ्हाइकाला हाताला धरून पंपापाशी न्यायचो आणि सांगायचो, हे बघा, घरचं तेल. बहात्तरच्या दुष्काळात मामाची विहीर आटली, बाग गेली. त्यात कोणाचा दोष नव्हता. आभाळावर रागावून माणूस किती रागावणार? त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला, विहीर तुडुंब भरली आणि मामाने पुन्हा बाग लावली. दुष्काळानंतरची पहिली बाग. मामी म्हणायची, हा माणूस म्हातारपणी पुन्हा तरुण झालाय, जेवायला बोलावलं तरी बागेतून येत नाही.

ऑक्टोबरात तिकडे पुन्हा युद्ध पेटलं. ह्या खेपेला तेलवाल्या देशांनी तेलाचा नळच पिळायला घेतला. शत्रूच्या दोस्तांना तेल नाही, आपल्या दोस्तांना आहे, अशी भाषा सुरू झाली. दुकानात वर्तमानपत्र यायचं. ते मोठ्याने वाचून दाखवणं आणि वर टिपणी करणं हे काम मी आपणहून पत्करलं होतं. बड्या बड्या देशांत पेट्रोलसाठी रांगा लागल्या हे वाचताना मला चांगली मजा वाटायची. आपल्याला कसली भीती? आपण तर त्या देशांच्या बाजूने उभे राहिलेलो. दिल्लीत कोणी पुढारी दरवाढीच्या निषेधाला बैलगाडीतून संसदेत गेले, हे वाचून आम्ही पोट धरून हसलो. दिल्लीला बैलांची आठवण आली म्हणालो. आमच्याकडचे तोवर विकून झाले होते.

पौषात एक दिवस मामा एस.टी.ने धुळ्याला आला. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा. येताना धोतराच्या सोग्यात गुंडाळून केळफूल आणलं होतं, भाजी कर म्हणून. खुर्ची दिली तर बसला नाही, इंजिनाच्या खोक्यावर बसला. गावात क्रूड मिळायला त्रास पडायला लागला होता. त्याने फार विचार करून ठेवलेला असावा, कारण एका दमात विचारलं, "धाव परत खंदू का? एखादी जोडी लेऊ का? बाग आते न्हानी शे, आतेच करता येई."

बाग लहान आहे तोवर धाव उकरता येईल, पुढे नाही, असं त्याचं म्हणणं होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने अगदी बरोबर. मी हसलो. त्याला पंपापाशी नेलं, जमिनीखालच्या टाकीत पट्टी घालून किती तेल आहे ते दाखवलं. मग वर्तमानपत्र काढलं. तो म्हणाला, "त्यासनासंगे आपली दोस्ती शे ना?" मी म्हटलं, आहे. "मंग त्या देतीन ना?" मी म्हटलं, देतीलच. दोस्ताला कोणी तोडतं का?

मामा धोतराचा सोगा सारखा करत उभा राहिला. मला वाटलं, पटलं. त्याच्या मनात त्या वेळी कोण होतं, हे मला कळायला हवं होतं. संध्याकाळच्या एस.टी.ने तो परत गेला. धाव उकरली नाही, जोडी घेतली नाही.

त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या देशांनी दोस्तांनाही तेल दिलं, पण चौपट भावाने. एवढ्या भावात आपल्यासारख्या गरीब देशाला घेता येईल तेवढंच आलं. मला आजही त्याची चीड आहे. निदान तोंडावर सांगायचं तरी, की आमच्या लेखी तुम्ही आणि ते सारखेच. त्यात मे महिन्यात रेल्वेचा संप, तेलाच्या वाघिणी जागच्या जागी. आमच्या पंपावर टँकर यायचा तो अर्धा, कधी आठवड्यातून एकदा. आणि ऊन खानदेशचं, वैशाखाचं. त्या दिवसांत केळीला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी पडलंच पाहिजे. त्यातून मामाची बाग निसवायला आली होती, म्हणजे खोडाच्या पोटातून घड बाहेर पडायची वेळ. गरोदर बाईला उपाशी ठेवण्यासारखंच ते.

पंपासमोर एका बाजूला ट्रकांची रांग आणि दुसऱ्या बाजूला डबे घेतलेली शेतकऱ्यांची. दुसऱ्या रांगेतले कितीतरी चेहरे माझे होते. त्यांच्या शेतात मी जेवलो होतो, त्यांच्या इंजिनांवर हात ठेवला होता. पहिला टँकर आला आणि सगळा ट्रकांत गेला. दुसराही गेला. मी मालकाकडे धावलो. म्हटलं, आपण गिऱ्हाइकांना शब्द दिलाय.

तो शांतपणे म्हणाला, "ट्रकवाला वर्षभर येतो. शेतकरी चार महिने. उद्या तेल आलं की ट्रकवाला मला विसरणार नाही."

"पण शब्द?"

"कोणी दिला? मी दिला का?" तो म्हणाला. "तू दिलास. मी काय कोणाच्या शेतात गेलो होतो?"

खरंच, तो कधीच कुठल्या शेतात गेला नव्हता. इतकी वर्षं माझ्या तोंडून तो बोलत होता, आणि आता हात वर करून मोकळा झाला. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "दोन डबे भरून घे आणि मामाकडे जा. बाकी आरडाओरडा करू नकोस."

मी दोन डबे भरून घेतले. रांगेतल्या माणसांसमोरून ते उचलून नेले. एका म्हाताऱ्याने फक्त डोक्यावरचं उपरणं सारखं केलं आणि दुसरीकडे बघितलं. हे सांगतानाही मी माझ्या कथेत 'मालकाने फसवलं' एवढंच सांगायचो. डब्यांचं गाळायचो.

ओळखीच्या ट्रकने फाट्यापर्यंत आलो. तिथून एका बैलगाडीने गावापर्यंत, आणि पुढे डबे दोन्ही हातांत घेऊन शेतात. दुपार टळली होती. दुरूनच बाग दिसली. पानं माना टाकून खोडाला चिकटली होती, कडा करपलेल्या. निसवलेल्या खोडांतले घड अर्धेच बाहेर येऊन थांबले होते. मी विहिरीत डोकावलो. पाणी वरच होतं, निळंशार, हात लांबवला तर लागेल असं वाटावं इतकं. दुष्काळात विहीर कोरडी होती तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

विहिरीच्या पलीकडे मामा उभा होता आणि त्याच्याबरोबर नाना. सात वर्षांनी बांध ओलांडून आलेला. दोन आठवडे इंजिनाचा आवाज नाही, म्हणून तो आपण होऊन आला होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझे पाय मात्र जागीच थांबले.

नाना म्हणत होता, "मोट आनस, जोडी आनस. पन बैल उभा कोठे करू? धाव कोठे शे?"

मामा ज्या जागेकडे बघत होता तिथे धाव नव्हती. तिथे दीडशे खोडं होती, बागेत सगळ्यात चांगली वाढलेली. नवी भरलेली माती होती ना ती.

"तूच मोडी ना सावड," नाना म्हणाला. रागाने नाही, नुसतं आठवण दिल्यासारखं. "भाचाले धाडं व्हतं तू."

मामाने वळून त्याच्याकडे पाहिलं. "मी? माले तर त्यानी सांगं, तूच नही म्हनस म्हनीसन."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही हातांत क्रूडचे डबे होते. खाली ठेवायचंही सुचलं नाही.

तेल ज्यांच्या हाती होतं, ते दोस्ती विसरले म्हणून मी सहा महिने बोटं मोडत होतो. इंजिन माझ्या हाती आलं तेव्हा मी काय केलं होतं? मी तर माझी दोस्ती नव्हे, दुसऱ्या दोघांची मोडली होती. हे मला त्या क्षणी कळलं असं म्हणत नाही. त्या क्षणी फक्त लाज वाटत होती आणि पळून जावंसं वाटत होतं. बाकीचं हळूहळू कळलं.

मामा एकदाही ओरडला नाही. सिनेमात असतं तर त्याने डबे लाथाडले असते. शेतकऱ्याला असली चैन परवडत नाही. त्याने माझ्या हातून डबे घेतले, इंजिनात ओतले आणि हँडल मारलं. ते तेल पुरलं तेवढा वेळ बागेत पाणी फिरलं. तेवढ्यात त्याने विळा घेतला आणि धावेवरची खोडं एकेक करून आडवी करायला सुरुवात केली. निसवलेली, घड बाहेर आलेली. नाना फावडं घेऊन आला. मी फावड्याला हात घालायला गेलो तर मामा म्हणाला, "घर जाय. जेवी ले." एवढंच. तेही नेहमीच्याच आवाजात.

चार-पाच दिवसांत त्यांनी आणि गावातल्या आणखी काहींनी मिळून धाव उकरली. ओट्याचे दगड काढून थारोळं पुन्हा मांडलं. नानाची एकच जोडी, ती सकाळी एका विहिरीवर आणि दुपारून दुसऱ्या. बाग निम्मीच हाती लागली. नानाच्या बागेचंही त्या उन्हाळ्यात नुकसान झालं असणार, पाणी वाटून गेल्यावर होणारच. त्याने त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या पोळ्याला मामाकडे नवी जोडी होती आणि ती आधी नानाच्या दारात गेली. हे मला मामीकडून कळलं. मला त्या पोळ्याला बोलावणं नव्हतं.

मी नोकरी सोडली का? नाही सोडली. आणखी काही वर्षं तिथेच काढली. क्रूड पुन्हा मिळायला लागलं, इंजिनं पुन्हा खपू लागली. फक्त ते घोकलेलं वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही. त्याऐवजी मी विश्वासघाताची गोष्ट सांगायला लागलो. गिऱ्हाइकांना ती फार आवडायची.

मामाने माझ्याशी बोलणं तोडलं नाही. गेलो की "उना का? बठ," म्हणायचा. पाणी द्यायचा. पण शेतीचं, पावसाचं, बाजारभावाचं काहीही मला विचारत नसे. मी आपणहून एखादी बातमी सांगितली की नाना जवळ असेल तर तो नानाकडे वळायचा. धुळ्याला नवा पूल होतोय म्हणालो, तरी नानाला विचारायचा. नानाने गावाबाहेर पाऊल टाकलेलं नसायचं, तरी.

मला मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गावी गेलो. दोघं विहिरीजवळ बसले होते, मोट नुकतीच सोडली होती, बैल धावेच्या तोंडाशी रवंथ करत होते. मी मामाच्या पाया पडलो. मुलगी झाली म्हणून सांगितलं, पेढा हातावर ठेवला. मामाने पेढा हातातच धरून ठेवला आणि नानाकडे वळून विचारलं, "नाना, खरं शे का?"

नानाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शे."

तेव्हा मामाने पेढा तोंडात टाकला.